केसरबाईचं चार मार्कांचं उत्तर

केसरबाई पाईकराव भांडायला उभी राहिली की शाळेच्या तिन्ही मजल्यांवरचे वर्ग आपोआप शांत व्हायचे. डब्यातला भात बेसिनमध्ये ओतणारी पोरं, मुतारीच्या भिंतीवर बदामात नावं कोरणारी पोरं, "ए मावशी, इथं पुसायचं राहिलं" म्हणून चपलेच्या टोकाने फरशी दाखवणारे पालक, कुणाचीही ती गय करत नसे. भाईंदर पश्चिमेच्या त्या अनुदानित शाळेत ती सेविका होती. सेविका हा कागदावरचा शब्द. काम म्हणजे अठरा संडास, बावीस वर्ग आणि ऑफिसातल्यांचा चहा.

नवरा कोंडिराम त्याच शाळेत शिपाई होता. तो तापाने गेला आणि अठ्ठ्याण्णव साली त्याच्या जागी हिला घेतलं. हिंगोलीकडच्या गावात सातवीपर्यंत शिकलेली, पदरात एक मुलगी, निशा. जिथे नवरा घंटा वाजवायचा तिथे तिने झाडू हातात घेतला आणि तोंडाला धार लावून ठेवली. नाहीतर लोकांनी तिला केव्हाच पायपुसणं केलं असतं.

पण हीच बाई कागदावर पेन टेकवायची आणि तिची पार गोगलगाय व्हायची.

हे तिच्या मुळात नव्हतं, हे तिला शिकवलेलं होतं. शिकवणारा होता आत्माराम, ऑफिसचा हेडक्लार्क, ज्याला सगळे मोठे बाबू म्हणत. नोकरीच्या पहिल्याच वर्षी निशाला कावीळ झाली. केसरबाईने वहीचं पान फाडून लिहिलं, 'पोरीला कावीळ झाली आहे. दोन दिवस येणार नाही. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे.' आत्मारामने तो कागद दोन बोटांत उचलून सगळ्या ऑफिसला वाचून दाखवला.

"हा अर्ज आहे की फर्मान?" तो म्हणाला. "महाराणी येणार नाहीत म्हणे!"

सगळे हसले. मग त्याने तिला उभं ठेवून मजकूर सांगितला. माननीय मुख्याध्यापक यांच्या चरणी, वरील विषयास अनुसरून सविनय सादर, की मी आपल्या शाळेतील एक गरीब सेविका असून आपल्या कृपेने माझा उदरनिर्वाह चालत आहे... असं करत करत पंधराव्या ओळीला कावीळ आली. तिथे पोर घरी पिवळी पडून एकटी झोपली होती, आणि इथे तिची आई 'कृपाभिलाषी' हा शब्द तिसऱ्यांदा खोडून लिहीत होती. अशी आठ वर्षं गेली. रजेचा अर्ज, फिनेलचा अर्ज, फाटलेल्या गणवेशाचा अर्ज. आधी हात जोडायचे, मग स्वतःची गरिबी सांगायची, मग समोरच्याचा मोठेपणा, आणि मागणी अगदी तळाला, जमलं तर. दुसरं काही लिहायची वेळ तिच्यावर कधी आलीच नाही, त्यामुळे लिहिणं म्हणजे हेच, असं तिच्या हाताने धरून ठेवलं.

निशा दहावी झाली तेव्हा आईलाही हुरूप आला. सतरा नंबरचा फॉर्म भरून केसरबाई २००५ च्या मार्चमध्ये बाहेरून दहावीला बसली. गणितासकट सगळे विषय सुटले, फक्त इतिहास-भूगोलात सहा मार्कांनी गेली. ऑक्टोबरला पुन्हा बसली, चार मार्कांनी गेली. आत्मारामने निकालाच्या दिवशी पेढे मागितले. "अहो, इतिहास घडवायचा असतो केसरबाई, लिहायचा नसतो," असं म्हणून तो स्वतःच्या विनोदावर खोकला येईपर्यंत हसला. तिने पुस्तकं पोत्यात भरून पोटमाळ्यावर टाकली.

ती पुस्तकं खाली आली धाकूमामामुळे. धाकूमामा राई गावचा, शाळेच्या प्रयोगशाळेचा परिचर. परीक्षानळ्या धुवायच्या, आम्लाच्या बाटल्या कुलपात ठेवायच्या, प्रयोगाच्या दिवशी टेबलं मांडायची, असं त्याचं काम. तो डिसेंबर २००६ ला निवृत्त होणार होता.

"केसरबाय, ही जागा तुजी हाय," जूनमध्ये तो तिला म्हणाला. "नियम हाय. शालंतला जुना शिपाय, पन दहावी पास पायजे. तू पास न्हाय झालीस तर संस्थेचा सेक्रेटरी आपला भाचा बसवल. त्याला मी बगून ठेवलाय."

म्हणजे प्रश्न सरळ होता. ऑक्टोबरची एक परीक्षा. त्यात सुटली तर प्रयोगशाळेच्या किल्ल्या, नाही सुटली तर निवृत्तीपर्यंत अठरा संडास.

तिने हिय्या करून उर्मिलाबाईंना गाठलं. उर्मिला सबनीस भूगोल शिकवायच्या. गिरगावातली खोली विकून मीरा रोडला आलेल्या, बोलायला फटकळ, आणि बोर्डाचे पेपर तपासण्यात वीस वर्षं घालवलेल्या. मधल्या सुट्टीत रिकाम्या प्रयोगशाळेत त्यांनी तिला एकच प्रश्न घातला. कोकण किनाऱ्यावर मिठागरे आढळतात, भौगोलिक कारणे द्या, चार गुण.

केसरबाईने दीड पान लिहिलं. उर्मिलाबाईंनी मोठ्याने वाचलं. "मीठ ही मानवाच्या जीवनातील अत्यंत महत्त्वाची वस्तू आहे. मिठावाचून अन्नास चव नाही. गरिबांपासून श्रीमंतांपर्यंत सर्वजण मीठ खातात. आपल्या थोर पूर्वजांनी... हे काय आहे?"

"सुरुवात हाय," केसरबाई म्हणाली.

"सुरुवात पानभर? आणि शेवटी काय, तर 'तरी वरील सर्व बाबींचा विचार करता कोकण किनाऱ्यावर मिठागरे आढळतात.' अहो, हे तर प्रश्नातच दिलंय! तुम्ही प्रश्नाला नमस्कार केलात आणि तसाच परत पाठवलात." त्यांनी लाल पेनने सगळ्या पानावर एक तिरकी रेघ ओढली. "शून्य. आणि ऐका, मला एका पेपरला फार तर सात-आठ मिनिटं मिळतात. पंख्याखाली गठ्ठा घेऊन बसलेली असते मी. मी तुमच्या पहिल्या दोन ओळी वाचते. तिथे उत्तर नसेल तर खाली शोधायला मी काय तुमची नोकर आहे?"

केसरबाईचे डोळे भरून आले, पण ते दुःखाने नव्हे. तिला स्वतःचा राग आला, बाईंचा आला, त्या मिठाचाही आला. तिला उत्तर येत होतं. धाकूमामाच्या घरची मिठागरं तिने डोळ्यांनी पाहिली होती. मग हातातून हे काय उतरलं, तेच तिला कळेना.

पुढचे तीन आठवडे हेच चाललं. उर्मिलाबाई रेघा ओढत, केसरबाई पानं भरत. शेवटी बाई वैतागल्या. "तुम्हाला येत नाही असं नाही. पण तुमचं उत्तर दारातच उभं राहतं, आत येऊ का, आत येऊ का करत. मला नाही जमणार हे," असं स्पष्ट सांगून मोकळ्या झाल्या.

त्याच दुपारी तिसऱ्या मजल्यावर ते भांडण झालं.

संडासाला वास येतो म्हणून कुणा पालकाने तक्रार केली होती. आत्माराम नाकाला रुमाल लावून वर आला आणि वर्गात शिक्षक शिकवत असताना व्हरांड्यातच ओरडला, "केसरबाई, पगार कसला घेता तुम्ही? वास का येतोय?"

केसरबाईने बादली खाली ठेवली.

"वास येतोय पाणी नाय म्हणून," ती म्हणाली. "पाणी नाय कारण पंधरा दिवस झाले, मोटर बंद हाय. मोटरवाला आला होता, त्याला तुम्ही उद्या ये म्हणून घालवला, वॉचमनच्या वहीत त्याची सही हाय, बघा. फिनेल महिन्याला दोन बाटल्या मिळतं, संडास हायत अठरा. आनि तिसऱ्या मजल्याच्या टाकीची किल्ली माझ्याकडं नाय, तुमच्या टेबलाच्या खणात हाय. म्हणून वास येतोय. अजून काय इचारायचंय?"

आत्माराम रुमाल तसाच धरून खाली गेला. आठवी ब च्या दारात उर्मिलाबाई खडू हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी फळ्यावरचा भारताचा नकाशा अर्धा सोडला आणि केसरबाईचं मनगट धरून तिला जिन्यात ओढलं.

"आत्ता काय केलंत तुम्ही?"

"भांडले. काय चुकलं?"

"चार पैकी चार!" उर्मिलाबाई जवळजवळ किंचाळल्या. "पहिल्या वाक्यात उत्तर. मग चार कारणं, एकाखाली एक. पुरावा, वहीतली सही. शेवटी विचारलेल्या प्रश्नाशी जोडून बंद. एक शब्द फाजील नाही! कुठे शिकलात हे?"

"हे काय शिकायचं असतंय होय?" केसरबाई म्हणाली. "समोरच्यानं आळ घेतला की तोंडातनं येतंच."

"मग पेपरात कुणी आळ घेतलाय असंच समजा," उर्मिलाबाई म्हणाल्या. "प्रश्न मी विचारत नाहीये. मोठे बाबू विचारतायत, रुमाल लावून."

त्या दिवसापासून प्रयोगशाळेत वेगळाच अभ्यास सुरू झाला. उर्मिलाबाई आत्मारामच्या आवाजात प्रश्न विचारत आणि केसरबाई आधी तोंडाने भांडत असे. "का हो केसरबाई, किनाऱ्यावरच कशाला लागतात मिठागरं?" "कारण भरतीचं खारं पाणी तिथंच येतं! जमीन सपाट हाय म्हणून पसरतं. पावसाळा सोडला तर आठ महिने कडक ऊन आनि वारा, पाण्याची वाफ व्हती, मीठ खाली ऱ्हातं. आनि मुंबईचा बाजार जवळ हाय!" धाकूमामा कोपऱ्यात नळ्या धूत मान डोलवायचा, "बराबर बोलली. माजा बापूस पन येवढंच सांगायचा." मग तेच, त्याच क्रमाने, कागदावर उतरवायचं. पहिल्या ओळीत उत्तर. प्रत्येक कारण नव्या ओळीवर. मुद्द्याच्या शब्दाखाली पेन्सिलची रेघ. चार मार्कांना चार मुद्दे, पाचवा आठवला तरी पुढच्या प्रश्नाकडे जायचं. आणि सगळ्यांत मोठा नियम, जो उर्मिलाबाईंनी तिच्याकडून रोज म्हणून घेतला: प्रश्नात विचारलंय तेवढंच लिहायचं.

हात लगेच ऐकत नव्हता. तोंडाने फटाके फोडून झाले की पेन पुन्हा 'आपल्या भारत देशात पूर्वीपासून' असं सुरू करायचं. एकदा तर तिने उत्तराच्या शेवटी 'कृपया विचार व्हावा' लिहिलं. तेव्हा उर्मिलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "हे कुणी शिकवलं तुम्हाला?" आणि केसरबाईने काविळीचा तो किस्सा सांगितला.

ऐकता ऐकता बाईंचा चेहरा तांबडा झाला. "तीन वाक्यं होती ना तुमच्या त्या कागदावर? काय झालंय, किती दिवस, पुरावा. अहो, तेव्हाच येत होतं तुम्हाला. त्या मेल्यानं तुमच्या हातातून काढून घेतलं."

त्या दिवशी घरी जाताना केसरबाई ती तीन वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणत गेली. आठ वर्षं ती समजत होती की आपण अडाणी, म्हणून आपला अर्ज परत येतो. आता तिला दिसलं की तिचा कागद बरोबर होता आणि हसणारं सगळं ऑफिस चूक होतं. असा राग लवकर उतरत नाही. तिने तो उतरूही दिला नाही.

ऑक्टोबरचं परीक्षाकेंद्र मीरा रोडच्या एका शाळेत होतं. केसरबाई इस्त्रीची साडी नेसून, कंपास घेऊन वर्गात शिरली, तोच पंचविशीतला एक सुपरवायझर म्हणाला, "मावशी, पाणी मधल्या वेळेला आणा. आत्ता मुलं बसतायत."

तिने हॉलतिकीट त्याच्या नाकासमोर धरलं. त्याने फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं, माफी वगैरे काही नाही, उलट हसून शेजारच्या मॅडमना डोळ्यांनी खुणावलं. मागच्या बाकावरची दोन पोरंही हसली. मुलांच्या मापाच्या बाकात गुडघे दुमडून ती बसली तेव्हा तिची कानशिलं तापली होती.

पेपर हातात आला. पहिला मोठा प्रश्न: मोठ्या शहरांत पाणीटंचाई जाणवते, कारणे द्या. आणि हाताने जुन्या सवयीने लिहिलं, 'पाणी म्हणजे जीवन. पाण्यावाचून मनुष्य'. तिथे ती थांबली. तिने मान वर केली. तो सुपरवायझर खिडकीपाशी उभा राहून नाकावर रुमाल धरून शिंकत होता.

केसरबाईने ती दीड ओळ पट्टी लावून खोडली. मग लिहायला लागली. 'शहरांत पाणीटंचाई जाणवते, कारण लोकसंख्या वाढते त्या वेगाने पाणीपुरवठा वाढत नाही.' खाली एक, दोन, तीन, चार. मोटर दुरुस्त न करणाऱ्या हेडक्लार्कांविषयी पाचवा मुद्दा तिच्या पेनाच्या टोकावर आला होता, पण तो प्रश्नात विचारलेला नव्हता. तिने रेघ ओढली आणि पुढच्या प्रश्नाला भिडली. इतिहासातल्या लढाया, तह, चळवळी, जो प्रश्न येईल त्याला ती व्हरांड्यात उभी राहून उत्तर देत होती. शेवटची घंटा झाली तेव्हा तिच्या पुरवणीत अर्धं पान कोरं उरलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला ते भरावंसं वाटलं नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निकाल लागला. इतिहास-भूगोलात पासाला लागतात त्याच्यापेक्षा एकोणीस मार्क जास्त. धाकूमामाने राईहून नारळ आणून प्रयोगशाळेच्या उंबऱ्यावर फोडला.

केसरबाई गुणपत्रिका घेऊन ऑफिसात गेली, तर तिथे सेक्रेटरींचा भाचा नीरज चहा पीत बसला होता. केस उभे केलेला, बारावी झालेला. तो चार दिवस धाकूमामाच्या मागे फिरून कुठल्या कपाटात काय आहे ते विचारत होता.

"अभिनंदन," आत्माराम म्हणाला. "छान झालं. आता कसंय केसरबाई, जागेसाठी रीतसर विनंती अर्ज करावा लागेल. मी नमुना देतो. साहेबांच्या मनात आलं तर बघू. नाहीतर हा नीरज आहेच, अडून काही राहणार नाही."

त्याने खणातून नमुना काढला. 'आपल्या चरणी' पासून 'कृपाभिलाषी' पर्यंत सगळं तयार होतं, फक्त नाव घालायची जागा रिकामी. केसरबाईने तो कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला. मग ती प्रयोगशाळेत गेली, मागच्या परीक्षेतली उरलेली आखीव पुरवणी तिने काढली आणि उभ्याउभ्याच लिहिलं:

'प्रयोगशाळा परिचराची जागा मला मिळाली पाहिजे.

कारणे:

१. ही जागा शाळेतल्या सर्वांत जुन्या दहावी पास शिपाई किंवा सेविकेला आधी द्यायची, असा नियम आहे. तो ऑफिसच्या फलकावर लावलेला आहे.

२. मी आठ वर्षे नोकरीत आहे. माझ्याहून जुन्यांत दहावी पास कोणी नाही.

३. मी दहावी पास आहे. गुणपत्रिकेची प्रत जोडली आहे.

४. श्री. नीरज हे या शाळेचे कर्मचारी नाहीत.

म्हणून ही जागा माझी आहे.

केसरबाई कोंडिराम पाईकराव

प्रत: शिक्षणाधिकारी.'

'नियम' आणि 'कर्मचारी नाहीत' या शब्दांखाली पेन्सिलची रेघ होती. उर्मिलाबाईंनी वाचलं, लाल पेन उघडलं आणि काही न लिहिता मिटलं.

आत्मारामने कागद दोन बोटांत उचलला. पूर्वीसारखा मोठ्याने वाचायला सुरुवात केली, पण दुसऱ्या कारणाला त्याचा आवाज उतरला आणि चौथं त्याने मनात वाचलं. नीरजने कप खाली ठेवला.

"हे... खाली 'आपली नम्र' राहिलं," आत्माराम म्हणाला.

"ते प्रश्नात इचारलेलं नव्हतं," केसरबाई म्हणाली. "पोच द्या."

त्याने शिक्का मारला. मारावाच लागला, कारण तो बसेपर्यंत ती हलली नाही आणि दारात धाकूमामा, उर्मिलाबाई आणि अर्धी आठवी ब उभी होती.

शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावाने दुसरा एक कागद खरंच पोस्टात पडलाय हे कळल्यावर सेक्रेटरींनी भाच्याला घरी बोलावून घेतलं. एकतीस डिसेंबरला, धाकूमामाच्या निरोप समारंभाच्या सकाळी, नेमणुकीचं पत्र आलं. सगळे म्हणाले, आता पेढे दे. केसरबाई उभी राहून पत्र वाचत होती. पहिलीच ओळ होती: 'आपल्या नम्र विनंती अर्जास अनुसरून, व्यवस्थापनाने कृपावंत होऊन...'

ती पत्र घेऊन ऑफिसात गेली. "हे चुकलंय," ती म्हणाली.

"अहो, जागा मिळाली ना?" आत्माराम कळवळून म्हणाला. "सही झालीये, शिक्का झालाय. घ्या आणि गप बसा! एका ओळीनं काय होतंय?"

"याच एका ओळीपायी माझी पोर काविळीत एकटी पडून व्हती," केसरबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी इनंती केलेली नाय. मी कारणं दिलीत."

तिने त्याच्याच टेबलावरचं लाल पेन उचललं, पट्टी लावली आणि पहिल्या ओळीवर सरळ रेघ मारली. पत्र त्याच्यापुढे सरकवलं.

"पुन्हा लिहून आना," ती म्हणाली, आणि धाकूमामाकडून किल्ल्या घ्यायला निघून गेली.